गरुड पिल्लाला ढकलतो तेव्हा

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे बाळ म्हणतात. कानशिलांवरचे केस पिकले, ऑफिसात हाताखाली माणसं आली, गुडघा कुरकुरायला लागला, तरी बाळ तो बाळच. रंगांच्या कंपनीत नव्या छटांना नावं शोधून देणं हे त्याचं काम. पांढऱ्या रंगाला डझनभर वेगवेगळी नावं देऊन विकणारा माणूस साधासुधा नसणार, हे खरं तर मला आधीच कळायला हवं होतं.

रविवारी तो निसर्गाच्या संग्रहालयात हौशी मार्गदर्शक असतो. छातीला हिरवा बिल्ला, हातात लांब काठी, आणि आवाज असा की सगळे प्राणी यानेच जन्माला घातलेत. लोकांना तो आवडतो. लोकांना त्याच्यासोबत राहावं लागत नाही.

कारण बाळला जे करायचं असतं, ते कुठला ना कुठला प्राणी आधीपासूनच करत असतो. जेवणानंतर तो ताट उचलत नाही, कारण सिंहसुद्धा शिकार करत नाही, सिंहीण करते. सासरे आजारी पडले तेव्हा तो भेटायला गेला नाही, कारण कळप आजारी जनावरापासून लांब राहतो. बायकोला तो कौतुकाने सुगरण म्हणतो. सुगरण पक्ष्यांमध्ये घरटं नर विणतो, हे मी त्याला एकदा सांगून पाहिलं. त्याने ते कानाआड केलं. मला तो साळिंदर म्हणतो. यात मात्र त्याचं चुकलंय असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मी विसरलेले नाही. नवऱ्याचं घर सोडून मी बॅग घेऊन आईच्या दारात उभी राहिले होते. आई दार पूर्ण उघडायच्या आत बाळ मधे आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, निसर्गात कळप सोडून गेलेली मादी परत येत नाही गं." आई गप्प राहिली. मी जिना उतरले. त्यानंतर मी एका खोलीत भाड्याने राहिले, दातांच्या कवळ्या बनवायचं काम शिकले, आणि आज माझं ठीक चाललंय. तरी ते वाक्य आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. बाळ स्वतः त्या घरातून कधी बाहेर पडलाच नव्हता, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही नाही.

तर या बाळने एका रविवारी आम्हा सगळ्यांना संग्रहालयात बोलावलं. "सगळ्यांनी यायचं. मला एक जाहीर करायचंय."

काय जाहीर करायचंय ते मला आधीच ठाऊक होतं. त्याच्या मुलीने, म्हणजे मुंगीने, मला फोनवर सांगितलं होतं. ती नऊ वर्षांची आहे आणि हे टोपणनावही अर्थात बापानेच ठेवलेलं. ती कुजबुजत म्हणाली होती, "आत्या, मला लांबच्या शाळेत टाकणारेत. तिथेच राहायचं. सुट्टी लागली की मगच घरी."

"तुला जायचंय?"

"नाही. पण बाबा म्हणतात, पिल्लांना कधीच जायचं नसतं."

"आणि तुझी आई काय म्हणते?"

"ती म्हणाली अजून एक वर्ष थांबू या. बाबा म्हणाले, मादीला मोह असतोच." मग जरा थांबून ती म्हणाली, "आत्या, माझ्या खोलीची मापं घेऊन गेला एक माणूस. मोठा पडदा लावायचाय म्हणे. प्राण्यांच्या फिल्म बघायला."

एवढं ऐकलं आणि मी ठरवलं, जायचंच. रविवारी मी कधी अंथरुणातून लवकर उठत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांच्या आधी तिकीट खिडकीपाशी मी उभी होते.

संग्रहालय तसं देखणं आहे. आत शिरल्याबरोबर छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा, त्याच्याखाली बाक, बाकावर पाय दुखलेली माणसं. पुढे काचेच्या कपाटांची रांग. कपाटात पेंढा भरलेले प्राणी, मागे रंगवलेला डोंगर किंवा गवताळ माळ. बिबट्याच्या अंगावरचे केस झडलेले, कोल्ह्याचा एक कान पुन्हा चिकटवलेला. वाघाचे दात इतके पांढरेशुभ्र की असली कवळी मी गिऱ्हाईकाला दिली असती तर त्याने माझ्या तोंडावर फेकली असती. प्रत्येक कपाटाला एक बटण आहे, ते दाबलं की प्राण्याचा आवाज येतो. निम्मी बटणं बिघडलेली. अस्वलाचं दाबलं तर बेडूक ओरडला, आणि मुंगी हसली. त्या दिवशी तिला हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

आई हळूहळू चालत होती. भावजय तिचा हात धरून. बाळ पुढे, आमच्यासारख्याच आणखी पंधरा-वीस माणसांना घेऊन. आम्ही घरचे आहोत हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आम्हाला बघून तो फक्त मान हलवायचा, मंत्री ओळखीच्या कार्यकर्त्याला बघून हलवतो तशी.

गरुडाच्या कपाटाशी येऊन तो थांबला. कपाट मोठं होतं, जवळजवळ भिंतभर. प्लास्टरचा कडा, त्यावर काटक्यांचं अवाढव्य घरटं, घरट्यात कापसासारखं एक पिल्लू आणि त्याच्या डोक्यावर पंख पसरलेली गरुडमादी. बाळने काठी वर केली.

"हे पिल्लू बघा. मऊ घरटं, आयतं खाणं. याला उडायचंय का? मुळीच नाही! मग गरुड काय करतो? तो एक दिवस घरट्यातली मऊ पिसं काढून फेकतो. पिल्लाला खाली काटे टोचायला लागतात. आणि मग," इथे त्याने आवाज खाली आणला, "तो पिल्लाला कड्यावरून ढकलून देतो."

माणसांनी श्वास रोखला. एका बाईने आपल्या पोराला जवळ ओढलं.

"क्रूर वाटतं ना? पण हेच खरं प्रेम. आज आपले आईबाप मुलांना कुशीत घेऊन बसतात आणि मुलं बिघडतात. मी स्वतः, तुम्हाला सांगायला हरकत नाही, माझ्या मुलीला पुढच्या महिन्यात घरट्याबाहेर पाठवतोय. निवासी शाळेत. ही काय, इथेच उभी आहे."

त्याने काठी मुंगीकडे केली. गळ्यात रुमाल बांधलेले एक निवृत्त गृहस्थ पुढे होते, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मुंगी काचेकडे तोंड करून उभी राहिली. तिची मान लाल झालेली मला मागून दिसत होती. भावजयीने पदराचं टोक तोंडाशी नेलं. आई मात्र घरट्याकडे एकटक बघत होती.

माझं डोकं सणकलं. मी पुढे झाले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "बाळ, एवढ्या लोकांत पोरीचा तमाशा करायची काय गरज होती?"

"ताई, भावनेच्या भरात बोलू नकोस. मी फक्त निसर्ग सांगतोय."

"निसर्ग तिच्या खोलीत पडदा लावणार आहे, तेही सांग ना मग."

त्याने ऐकलं नाही असं दाखवलं आणि सगळ्यांना फिल्मच्या दालनात नेलं. तिथे दर रविवारी दोन फिल्म दाखवतात. त्या दिवशी पहिली गरुडावर होती. आम्हाला बोलवायला त्याने हाच रविवार का धरला, ते आता लक्षात आलं. आम्हाला पटावं म्हणून त्याने साक्षीदाराचीही सोय केली होती. फक्त साक्षीदाराची जबानी आधी तपासायची राहून गेली होती. फिल्म नवीन आली होती आणि बाळने ती पाहिलीच नव्हती. आमच्या बाळला प्राणी बघावे लागत नाहीत, त्याला ते आधीच माहीत असतात.

दिवे गेले. पडद्यावर कडा, घरटं, पिल्लू. गरुडमादी मासा घेऊन आली आणि पिल्लाला भरवून गेली. मग बाप आला, ससा टाकून गेला. पुन्हा आई. पिल्लू मोठं झालं, घरट्याच्या काठावर उभं राहून पंख फडफडवायला लागलं, घाबरून पुन्हा आत बसलं. आईने पंख पसरून त्याच्यावर सावली धरली. फिल्म अशी बराच वेळ चालली आणि कुणी कुणाला ढकलेना.

"आता ढकलतील," बाळ पुढच्या रांगेतून मागे वळून म्हणाला.

ढकललं नाही. एका वाऱ्याच्या सकाळी पिल्लू आपलं आपणच उडालं, वेडंवाकडं, आणि शेजारच्या झाडावर जाऊन आपटलं. आणि निवेदनातली बाई शांतपणे म्हणाली की उडायला लागल्यावरही कित्येक आठवडे आईबाप पिल्लाला भरवत राहतात.

दालनात चुळबुळ झाली. बाळ अंधारातच उठून उभा राहिला. "ही कापलेली आवृत्ती आहे," तो म्हणाला. "लहान मुलं असतात ना प्रेक्षकांत. ढकलायचा भाग काढून टाकलाय."

"अहो, बसा खाली, पडदा दिसत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

तो माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला. मी हळूच म्हणाले, "झालं ना? आता सोड त्या पोरीला."

"गरुड सोड," तो म्हणाला. "सील बघ. बर्फावरच्या सीलची एक जात आहे, आई पिल्लाला चार दिवस पाजते आणि निघून जाते. कायमची."

"मग मुंगीला नऊ वर्षं ठेवलीस हे तुझे उपकारच म्हणायचे."

"कासव तर तोंडही बघत नाही पिल्लाचं."

"बाळ, जगातल्या सगळ्या प्राण्यांतून तुला हवे तेवढेच कसे रे भेटतात?"

यावर त्याच्याकडे प्राणी नव्हता. तेवढ्यात पडद्यावर दुसरी फिल्म सुरू झाली, आणि ती हत्तींची होती. बाळ लगेच उठला. "चला, चहा घेऊ या. हत्तींमध्ये बघण्यासारखं काही नसतं."

"मी बसते," आई म्हणाली. "खुर्ची मऊ आहे."

आई बसली म्हणून आम्ही सगळे बसलो. आईला कुठल्याही फिल्ममध्ये झोप लागते, हे घरात सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी ती टक्क जागी होती. पडद्यावर एक म्हातारी हत्तीण चालत होती, डोळ्यांभोवती सुरकुत्या, कानाला चीर गेलेली. तिच्यामागे तिच्या मुली, मुलींच्या मुली, त्यांची पिल्लं. निवेदनातली बाई म्हणाली की मुली जन्मभर कळपातच राहतात. नर मात्र वयात आले की कळप त्यांना बाहेर काढतो. मग एक धष्टपुष्ट हत्ती दिसला. तो पुन्हा पुन्हा कळपात शिरायला बघत होता आणि म्हातारी त्याला डोक्याने रेटून मागे सारत होती. मुंगी माझ्या मांडीवर येऊन बसली. भावजय, जी बाळसमोर कधी हसत नाही, ती हसली.

दिवे लागले. बाळ घाईघाईने दाराकडे निघाला, पण आईने त्याला हाक मारली. ती पुन्हा त्या गरुडाच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली होती. आम्ही सगळे गेलो.

"बाळ," आई म्हणाली, "मला एक सांग. मघाशी तू म्हणालास, पिल्लाला ढकललं नाही तर ते बिघडतं. खरं का?"

"खरंच, आई. तेच तर मी सगळ्यांना..."

"आयतं खाणं, मऊ घरटं, असलं पिल्लू कधी उडतच नाही."

"अगदी बरोबर." त्याला वाटलं आईला पटलं. तो माझ्याकडे बघून विजयाने हसलासुद्धा.

"मग माझंच चुकलं," आई म्हणाली. "मी ढकललं, पण भलतंच पिल्लू ढकललं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. काचेतल्या त्या पेंढा भरलेल्या पिल्लाकडे बघत होती. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं आलं, जाता जाता, कुणाला तरी दुसऱ्यालाच उद्देशून. मला आनंद झाला, आणि रागही आला, की हे त्या दिवशी दारात म्हणायला काय झालं होतं. साळिंदराची बोलती बंद झाली ती तेवढीच एकदा.

"आई, तू काय बोलतेयस?" बाळ म्हणाला.

"तुझे शर्ट मी इस्त्री करते. तुझा डबा तुझी बायको भरते. घर माझं, वरची गच्ची माझी. तुला त्या घरट्यात काही टोचतच नाही, बाळ. तू कसा उडणार? मुंगी राहील माझ्याजवळ, तिची खोली तिची. तू निघ."

"मी?" बाळने इकडे तिकडे बघितलं. "मी कुठे जाणार?"

"ते पिल्लाने बघायचं असतं," आई म्हणाली.

मी खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मला त्याची कीव आली. त्याचा चेहरा खरोखर लहान मुलासारखा झाला होता. त्याने आशेने बायकोकडे पाहिलं. बायकोने बिघडलेल्या बटणावर बोट ठेवलं होतं आणि ती ते उगाच दाबत होती.

"आई, अगं गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला. "माणूस म्हणजे काही पक्षी नव्हे."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

तेवढ्यात ते गळ्यात रुमाल बांधलेले गृहस्थ आपल्या बायकोला घेऊन आले. ती उशिरा पोचली असावी. गृहस्थ तिला कौतुकाने म्हणाले, "हेच ते सर. सर, हिला ते परत सांगा ना. गरुड पिल्लाला कड्यावरून कसा ढकलतो ते. हिला आमच्या मुलाला घराबाहेर काढायचं पटवून द्यायचंय मला."

बाळने बिल्ला सरळ केला. काठी वर केली. घरट्याकडे बघितलं, मग आईकडे, मग मुंगीकडे.

"ढकलतो?" तो म्हणाला. "छे छे. कोण म्हणालं?"

"तुम्हीच, सर. मघाशी."

"गैरसमज आहे तो. लोकांमध्ये फार पसरलेला. गरुड पिल्लाला कधीही ढकलत नाही. पिल्लू तयार होईपर्यंत आईबाप त्याला घरट्यातच सांभाळतात. उडायला लागलं तरी भरवतात. कितीही मोठं झालं तरी." शेवटचं वाक्य त्याने जरा मोठ्याने म्हटलं. "निसर्गात घाई नसते."

गृहस्थ गोंधळले. त्यांची बायको मात्र खूश झाली. "बघा, मी तुम्हाला काय सांगत होते!" ती म्हणाली आणि त्यांना ओढत पुढच्या कपाटाकडे घेऊन गेली.

मुंगीने माझा हात घट्ट धरला. "आत्या, म्हणजे मला जावं लागणार नाही?"

"बाबांनी स्वतःच सांगितलंय ना आता," मी म्हणाले. "लोकांसमोर, बिल्ला लावून."

बाळने पटकन मान डोलावली. मुंगीला पाठवायचं नाही, शाळा नको, पडदा नको, सगळं त्याला एकदम मान्य होतं. त्याच्या चेहऱ्यावर रंगही परत आला. आपण सुटलो असं त्याला वाटलं असावं. "चला तर मग, घरी जाऊ या," तो म्हणाला. "आई, दमली असशील. गाडी काढतो."

"मुंगीचं मिटलं," आई म्हणाली. "तुझं नाही. तू खोल्या बघायला लाग."

बाळने तोंड उघडलं, पण भावजय त्याच्या आधी बोलली. ती कपाटाच्या बटणावरून बोट काढून वळली आणि तिचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता.

"आई, यांच्यापुरती खोली मी बघून ठेवलीय," ती म्हणाली. "पलीकडच्याच रस्त्यावर आहे. मुंगीला शाळेतून येताना दोन्हीकडे थांबता येईल."